गोल झाला की नाही हे मशीननं सांगावं का? गोललाइन टेक्नॉलॉजीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्ड कप असो नाहीतर शनिवार-रविवारची प्रीमियर लीग, बॉल लाइनवर घुटमळला की कट्ट्यावर तेच प्रश्न सुरू होतात. मी कोल्हापुरात थोडीफार लोकल पंचगिरी केलीय (म्हणजे लाइनमनचा झेंडा धरलाय, शिट्टी कधी हातात आली नाही) त्यामुळं पोरं मलाच पकडतात, आणि दरवेळी चहा थंड होईस्तोवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं. माझं मत आधीच सांगतो, नंतर फसवलं म्हणू नका. गोललाइनसाठी मशीन हवंच. बाकी फाउल-बिऊलसाठी मी एवढा उत्साही नाही, का ते खाली येईल.

आधी हे सांग, गोल नक्की कधी होतो? लाइनला लागला की?

नाही, आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. नियम असा की आख्खा बॉल, म्हणजे आख्खाच्या आख्खा, लाइनच्या पलीकडं गेला पाहिजे, दोन पोस्टच्या मधून आणि बारच्या खालून. केसाएवढा भाग लाइनच्या वर राहिला तरी गोल नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असली गत.

याची गंमत घरी करून बघा. अंगणात चुन्यानं एक पट्टा मारा, १२ सेंटिमीटर रुंद, गोललाइन जास्तीत जास्त तेवढीच असते आणि पोस्टची जाडीही तेवढीच ठेवतात. त्यावर पाच नंबरचा बॉल ठेवा आणि हळूहळू मागं ढकला. बॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. बॉल जमिनीला जिथं टेकतो तो बिंदू पट्ट्याच्या मागच्या कडेपासून आठ-नऊ सेंटिमीटर लांब गेला की आपल्याला बॉलच्या बुडाशी आणि चुन्यामध्ये चक्क जमीन दिसायला लागते, आपण ओरडतो "गोल!", पण आता वर उभं राहून बरोबर डोक्यावरून बघा, बॉलचं पोट अजून पट्ट्यावर लोंबतंय. टेकलेला बिंदू ११ सेंटिमीटर पलीकडं गेला तरच गोल. टीव्हीवर "अरे गवत दिसतंय की मध्ये" असं ओरडणारे नव्वद टक्के वेळा या पोटाला विसरलेले असतात.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपात जपान-स्पेन मॅचमध्ये हेच झालं. जपानच्या मितोमानं बॉल मागं ओढला तेव्हा टीव्हीच्या एका अँगलनं बॉल सरळसरळ बाहेर दिसत होता, वरच्या अँगलनं बघितलं तर काही मिलिमीटर लाइनवर होता. तनाकानं तो गोलमध्ये मारला, जपान २-१ जिंकलं आणि तिकडं कोस्टारिकाला हरवूनसुद्धा जर्मनी घरी गेली. ती गोललाइनच, फक्त दोन पोस्टच्या बाहेरचा भाग, पण आख्ख्या बॉलचा नियम तोच.

पंच एवढे जवळ असतात, त्यांना दिसत कसं नाही?

जवळ नसतात हो. लाइनमनचं खरं काम ऑफसाइड बघणं, त्यामुळं तो बचावाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत पळत असतो. कुणी लांबून हाणला की लाइनमन गोललाइनपासून वीस-वीस मीटर मागं, तिरक्या अँगलमध्ये. २००५ च्या जानेवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमच्या पेद्रो मेंडेसनं जवळपास हाफलाइनवरून मारला, मँचेस्टर युनायटेडचा कीपर रॉय कॅरल याच्या हातातून बॉल निसटला, चांगला आत पडला, आणि कॅरलनं उडी मारून तो बाहेर ढकलला. शेंबडं पोर सांगेल गोल होता. पण लाइनमन बिचारा अर्ध्या मैदानावरून पळत येत होता. मॅच ०-० सुटली.

आणि डोळ्याचं सोडा, साध्या टीव्ही कॅमेऱ्यालाही दिसत नाही बऱ्याचदा. हिशोब करा: ताशी १०० किलोमीटरनं गेलेला बॉल सेकंदाला जवळपास २८ मीटर कापतो. टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवतो असं धरलं तर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत बॉल मीटरभर सरकलेला असतो. म्हणजे बारला लागून आत आपटून बाहेर आलेला बॉल एका चित्रात बाहेर आणि पुढच्या चित्रातही बाहेर, मधला आत गेलेला क्षण कॅमेऱ्यानं पकडलेलाच नाही. मग आपण काय स्लो मोशन करून बघणार, कप्पाळ.

हे भांडण सुरू कुठून झालं?

तसं जाळी लागायच्या आधीपासूनचं असणार, पण जगाला माहीत असलेलं म्हणजे ३० जुलै १९६६, वेम्बली, वर्ल्ड कप फायनल, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. २-२ वर एक्स्ट्रा टाइम. १०१ व्या मिनिटाला जेफ हर्स्टचा शॉट बारच्या खालच्या अंगाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. स्विस रेफ्री गॉटफ्रीड डीन्स्टला काही कळेना, तो गेला लाइनमनकडं, तोफिक बहरामोव, अझरबैजानचा, तेव्हाच्या सोव्हिएत संघातून आलेला. त्यानं मान हलवली, गोल दिला, इंग्लंड ४-२ जिंकलं. जर्मनीत आजही असल्या गोलला 'वेम्बली गोल' म्हणतात, आणि बाकू शहरात एका स्टेडियमला बहरामोवचं नाव आहे. लाइनमनच्या नावानं स्टेडियम! आम्हाला साधी लिंबू-पाण्याची बाटली कुणी विचारत नाही.

मग ४४ वर्षांनी फिरून तेच दोघं. २७ जून २०१०, दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन. जर्मनी २-१ पुढं होती, इंग्लंडच्या लॅम्पार्डनं बॉक्सच्या बाहेरून मारला, बारला लागून बॉल हातभर आत आपटला आणि उसळून बाहेर. कीपर नॉयर यानं काहीच झालं नाही अशा थाटात बॉल उचलला आणि खेळ चालू केला, नंतर त्यानंच कबूल केलं की पंचाला शंका येऊ नये म्हणूनच घाई केली. उरुग्वेचा रेफ्री लारिओंदा, त्यानं गोल दिलाच नाही. इंग्लंड ४-१ हरलं. इंग्लंड तसंही हरलं असतं असं म्हणणारे आहेत, मीपण त्यातला आहे, पण २-२ ची मॅच आणि २-१ ची मॅच या दोन वेगळ्या मॅच असतात हेही खरं.

मग फिफा इतकी वर्षं झोपली होती का?

झोपली नव्हती, अडून बसली होती. नियम बदलायचे ते आयएफएबी नावाच्या मंडळानं, त्यात आठ मतं, चार फिफाची आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं एकेक. बदलाला सहा मतं लागतात. या मंडळानं मार्च २०१० मध्येच टेक्नॉलॉजीला ठाम नकार दिला होता आणि तीन महिन्यांत लॅम्पार्ड झाला. त्याच दिवशी संध्याकाळी मेक्सिकोविरुद्ध तेवेझचा ढळढळीत ऑफसाइड गोल अर्जेंटिनाला दिला गेला, तो स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसलासुद्धा. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लॅटर यांनी इंग्लंड आणि मेक्सिको दोघांची माफी मागितली आणि फाइल परत उघडतो म्हणाले. बैल गेला नि झोपा केला.

विरोधकांचे मुद्दे अगदीच फालतू नव्हते. एक असा की फुटबॉल गल्लीत आणि वर्ल्ड कपात एकाच नियमानं खेळला जातो, तीच त्याची ताकद, मशीन आलं की श्रीमंतांचा फुटबॉल वेगळा आणि गरिबांचा वेगळा. दुसरा असा की एकदा दार उघडलं की थांबणार नाही, आज गोललाइन, उद्या ऑफसाइड, परवा प्रत्येक धक्का. युएफाचे, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेचे, तेव्हाचे अध्यक्ष प्लातिनी हाच सूर लावून होते, आणि दुसरा मुद्दा बरोबर निघाला हे मान्य करायला हवं. पहिला मात्र मला तेव्हाही पटला नव्हता, कारण श्रीमंत-गरीब फरक मैदान, बूट, जाळी, ॲम्ब्युलन्स सगळ्यात आहेच, तो नेमका गोललाइनवर येऊनच का टोचावा?

प्लातिनींचा उपाय म्हणजे गोलच्या मागं आणखी एकेक पंच उभा करायचा. त्याची परीक्षा झाली १९ जून २०१२ ला, युरो कपात, डोनेत्स्कमध्ये. युक्रेनच्या देविचचा शॉट इंग्लंडच्या जॉन टेरीनं हवेत पाय फिरवून बाहेर काढला, बॉल आत गेला होता, आणि गोलचा जादा पंच तिथंच काही पावलांवर उभा होता. नाही दिसलं. (त्या चालीत आधी एक ऑफसाइडही सुटला होता, म्हणजे दोन चुका मिळून हिशोब फिटला, पण ते सोडा.) सोळा दिवसांत, ५ जुलै २०१२ ला, आयएफएबीनं गोललाइन टेक्नॉलॉजीला हिरवा कंदील दिला.

चालतं कसं हे?

दोन जातीची मशीनं आली. एक चुंबकाची: बॉलच्या आत तांब्याची वेटोळी आणि गोलच्या चौकटीभोवती चुंबकीय क्षेत्र, बॉल त्यातून पार झाला की फरक पडतो आणि तो पकडतात, गोलरेफ नावाची सिस्टीम अशी होती. दुसरी कॅमेऱ्याची, हॉक-आय किंवा गोलकंट्रोल, प्रत्येक गोलवर सात कॅमेरे रोखलेले, स्टेडियमच्या छपराला वगैरे बसवलेले, सेकंदाला शेकडो चित्रं काढणारे. कॉम्प्युटर प्रत्येक कॅमेऱ्यातला बॉल ओळखतो आणि सगळ्यांची रेघ जुळवून बॉल नेमका कुठं आहे ते काढतो. खेळाडू, हातमोजे, जाळी हे सगळं वजा करून फक्त बॉल. शेवटी बाजी कॅमेऱ्यांनी मारली, बॉलच्या पोटात काही घालायची गरज नाही म्हणून असावं.

रेफ्रीला काय मिळतं? घड्याळ. मनगटावर थरथरतं आणि त्यावर गोल असं येतं, एका सेकंदाच्या आत, नियमातच तसं लिहिलंय. खेळ थांबत नाही, कुणी स्क्रीनकडं पळत नाही, कानाला बोट लावून कुणी उभा राहत नाही. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात आवडतं ते हे घड्याळ. रेफ्री नुसता मनगटाकडं बोट करतो आणि तक्रार करायला आलेले अकरा जण तिथंच गप्प. दुसऱ्या कशानं फुटबॉलवाल्यांना गप्प केलेलं मी तरी बघितलं नाही.

क्रिकेटच्या डीआरएससारखंच ना? मग अंपायर्स कॉल पण असणार!

कंपनीचं नाव तेच, हॉक-आय, पण काम वेगळं, आणि हा फरक नीट समजून घ्या कारण आपल्याकडं सगळे एलबीडब्ल्यूच्या चष्म्यातून बघतात. क्रिकेटमध्ये बॉल पॅडला लागून थांबलेला असतो आणि मशीन सांगतं की तो *गेला असता* तर स्टंपला लागला असता. तो अंदाज आहे, चांगला असला तरी अंदाजच, म्हणून अंपायर्स कॉलची पळवाट ठेवलीय. गोललाइनवर अंदाज नाहीच. बॉल जिथं होता तिथं होता, तो फक्त मोजायचा. म्हणून इथं अंपायर्स कॉल नाही, रिव्ह्यू नाही, हात जोडून टी करणं नाही. हो किंवा नाही.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. फुटबॉलमध्ये बाकी सगळं मत आहे: धक्का जोरात होता का, हात मुद्दाम लावला का, पडला की पाडला. गोललाइन हे मत नाही, ते माप आहे. मत माणसानं द्यावं, माप फूटपट्टीनं घ्यावं. कापड दुकानात मीटरपट्टी असताना कुणी हातानं वीत मोजून देत असेल तर आपण चालवून घेऊ का?

मशीन कधी चुकलंय का?

हो. १७ जून २०२०, लॉकडाउननंतर प्रीमियर लीग परत सुरू झाली ती पहिलीच मॅच, ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफिल्ड युनायटेड, रिकामं स्टेडियम. नॉरवुडची फ्री किक व्हिलाचा कीपर न्यूलांदनं धरली आणि धरल्या-धरल्या बॉलसकट मागं जाऊन पोस्टजवळ जाळीत. घड्याळ गप्प. रेफ्री मायकल ऑलिव्हरनं घड्याळ दाखवलं, व्हीएआरवालाही (व्हिडिओ बघणारा पंच) गप्प बसला, मॅच ०-० सुटली. हॉक-आयनं नंतर माफी मागितली, म्हणाले कीपर, एक डिफेंडर आणि पोस्ट अशा तिघांनी मिळून सातही कॅमेऱ्यांसमोरचा बॉल झाकला, ९,००० हून जास्त मॅचमध्ये असं पहिल्यांदाच झालं. सीझनच्या शेवटी व्हिला ३५ पॉइंटवर वाचलं आणि बोर्नमथ ३४ वर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. त्या एका पॉइंटवर बोर्नमथवाले अजून दात खातात, आणि खावेतच.

मला मात्र त्या सात कॅमेऱ्यांची दया आली, का ते शेवटच्या प्रश्नात.

दुसरा किस्सा चुकीचा नाही, गोंधळाचा आहे. २०१४ वर्ल्ड कप, पोर्तो अलेग्रे, फ्रान्स-होंडुरास. बेंझेमाचा शॉट पोस्टला लागला, मग कीपर वायादारेसला लागून आत गेला. स्टेडियमच्या स्क्रीनवर आधी आलं "गोल नाही" आणि लगेच "गोल". लोक बोंबलायला लागले, होंडुरासचा कोच भडकला. खरं तर पहिलं उत्तर पोस्टला लागलेल्या क्षणाचं होतं आणि दुसरं कीपरच्या हातून निसटलेल्या क्षणाचं. दोन्ही बरोबर! वर्ल्ड कपातला मशीननं ठरवलेला पहिला गोल तो, आणि त्याच्यावरच शंका.

मिलिमीटरवर मॅच ठरवण्यात काय मजा? खेळाचा आत्मा वगैरे?

आत्म्याचं मला माहीत नाही. ३ जानेवारी २०१९ ला मँचेस्टर सिटी-लिव्हरपूल मॅचमध्ये ०-० असताना जॉन स्टोन्सनं लाइनवरून बॉल काढला, मशीन म्हणालं साधारण ११ मिलिमीटर बाकी होते. म्हणजे माझ्या करंगळीची रुंदी. सिटी ती मॅच २-१ जिंकली, लिव्हरपूल त्या आख्ख्या सीझनमध्ये लीगमधली फक्त तीच एक मॅच हरलं, आणि शेवटी सिटी ९८ पॉइंट, लिव्हरपूल ९७. माझा मावसभाऊ लिव्हरपूलचा, पुण्यात असतो, त्याला त्या ११ मिलिमीटरचा राग आहेच, पण मजा म्हणजे तो रेफ्रीला शिव्या देत नाही. नशिबाला देतो. मशीन नसतं आणि लाइनमननं नुसतं डोळ्यानं "नाही" म्हटलं असतं तर त्या लाइनमनचं इंग्लंडमध्ये राहणं मुश्कील झालं असतं. हा फायदा कुणी धरत नाही हिशोबात.

आणि मजा जाते म्हणणाऱ्यांनी ६ ऑगस्ट २०२३ ची मेलबर्नची मॅच बघावी. महिला वर्ल्ड कप, स्वीडन-अमेरिका, ०-० नंतर पेनल्टी शूटआउट. स्वीडनच्या लीना हुर्टिगची पेनल्टी अमेरिकेची कीपर अलिसा नेहर हिनं अडवली, बॉल हवेत उडाला, तिनं परत मागं झेपावून पंजानं बाहेर काढला. हुर्टिग रेफ्रीकडं बघतेय, नेहर हातानं "नाही नाही" करतेय, सगळं स्टेडियम श्वास धरून. आणि घड्याळ थरथरलं. गोल. केसाएवढ्या फरकानं. त्यानंतर आलेलं ते ग्राफिक, बॉल आणि लाइन यांच्यातली ती दोऱ्याएवढी फट. अमेरिका बाहेर. याच्यापेक्षा जास्त थरार डोळ्यानं दिलेल्या निर्णयात असतो असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडं.

आता सगळ्या मोठ्या लीगमध्ये असेलच की?

नाही ना! प्रीमियर लीगनं २०१३-१४ पासून घेतलं. जर्मनीचं मजेशीर आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये लेव्हरकुसनच्या कीसलिंगचा हेडर बाहेर गेला, पण बाजूच्या जाळीला भोक होतं, बॉल त्या भोकातून आत, आणि रेफ्रीनं गोल दिला. होफनहाइम २-१ हरलं, परत खेळवा म्हणून गेले, ऐकलं नाही. यानंतर तरी क्लबांनी मशीन घ्यावं? मार्च २०१४ मध्ये मत झालं आणि नको म्हणाले, मुख्य कारण पैसा, त्यातही खालच्या डिव्हिजनचे क्लब. दोनच महिन्यांत जर्मन कपच्या फायनलमध्ये बायर्नविरुद्ध हुमेल्सचा हेडर आत गेलेला दिला नाही, आणि डिसेंबरमध्ये पहिल्या डिव्हिजनचे क्लब सरळ हो म्हणाले. २०१५-१६ पासून चालू.

स्पेन मात्र अडलेलं. २१ एप्रिल २०२४ च्या क्लासिकोत, म्हणजे रेआल माद्रिद-बार्सिलोना मॅचमध्ये, बार्सिलोनाच्या लामिन यमालनं फिरवलेला बॉल माद्रिदचा कीपर लुनिन यानं लाइनवरून काढला, व्हीएआरनं अँगल शोधशोधले, एकही बरोबर लाइनच्या रेषेतला नाही. गोल नाही. माद्रिद ३-२ जिंकलं आणि बार्सिलोनावाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. लीगचे अध्यक्ष तेबास यांचं म्हणणं, इतक्या थोड्या प्रसंगांसाठी एवढा खर्च परवडत नाही. रेआल आणि बार्साच्या लीगला परवडत नाही म्हणे. असो.

पण व्हीएआर आहे ना, मग वेगळं मशीन कशाला?

वरचा क्लासिको हेच उत्तर. व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघणारा माणूस, त्याला टीव्हीचे कॅमेरे मिळतात, ते लाइनच्या रेषेत नसले तर तोही आपल्यासारखाच अंदाज बांधणार. गोललाइनचं मशीन मोजतं, व्हीएआर बघतो. पुन्हा वेळ: एकाला सेकंद लागतो, दुसऱ्याला कधीकधी आख्खी जाहिरात संपते.

व्हीएआर २०१८ मध्ये नियमात आला, गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या माणसाला कार्ड, या चारच गोष्टींपुरता. कागदावर छान. पण फाउल हे मत असल्यामुळं झालं काय, की मैदानावरच्या एका माणसाच्या मतावर खोलीतल्या दुसऱ्या माणसाचं मत. उंटावरून शेळ्या हाकणं. ऑफसाइडचं मला थोडं वेगळं वाटतं, तेही मापच आहे, आणि कतारमध्ये १२ कॅमेरे आणि बॉलमधला सेन्सर लावून ते निम्मं ऑटोमॅटिक केलं ते बरंच जमलं. पण तिथंही पास पायातून नेमका कधी सुटला हा क्षण धरावा लागतो, गोललाइनइतकं स्वच्छ नाही.

फ्रान्सच्या आँरीचा हँडबॉल पकडला असता का या मशीननं?

२००९ चा, आयर्लंडचा वर्ल्ड कप घालवणारा? नाही. गोललाइन मशीनला हात कळत नाही, पाय कळत नाही, फक्त बॉल आणि लाइन. पुढचा प्रश्न.

आपल्याकडं आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) का नाही?

पैसे, दुसरं काय. २०१४ ला आयएसएल सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं तरी ना गोललाइन मशीन ना व्हीएआर. फातोर्ड्याला मॅच बघितलेल्या माणसाला विचारा, तिथं छपराखाली सात-सात कॅमेरे कायमचे बसवायचे, त्यांची वायरिंग, दर मॅचआधी तपासणी, आणि हे प्रत्येक गावात. मॅचगणिक लाइनवरचा खरा वाद किती वेळा होतो? फार कमी. तेबास यांचा मुद्दा आपल्याला जास्त लागू पडतो, खरं तर.

आणि आपल्याकडचे मोठे राडे लाइनवरचे नाहीतच. ३ मार्च २०२३, बेंगळुरू-केरळ ब्लास्टर्स प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइममध्ये केरळची भिंत उभी राहायच्या आत सुनील छेत्रीनं फ्री किक मारून टाकली, रेफ्रीनं गोल दिला, केरळची आख्खी टीम मैदान सोडून गेली. बॉल आत गेला यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तिथं मशीन काय करणार, डोंबल?

मध्यम मार्ग म्हणून फिफानं आता कोचला चॅलेंज द्यायची पद्धत आणलीय, २०२४ च्या महिलांच्या २० वर्षांखालील वर्ल्ड कपात, कोलंबियात, ती वापरली. कोचला मॅचमध्ये दोन चॅलेंज, रेफ्री स्वतः बाजूच्या स्क्रीनवर बघतो, वेगळी खोली नाही, वेगळा पंच नाही. डीआरएस बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटकन जमेल असं मला वाटतं.

आणि आपल्या पेठेतल्या टुर्नामेंटला? काही जुगाड?

जुगाड आहे पण आधी मुळापासून सुरू करा. फक्की! सकाळी चुन्याची लाइन मारतात ती पोस्टच्या जाडीएवढी आणि पोस्टच्या मागच्या कडेला बरोबर जुळलेली असावी, प्रत्यक्षात ती नागमोडी असते, आणि हाफटाइमपर्यंत कीपरच्या बुटांनी ती फासली जाऊन फूटभर रुंद पांढरा ढग उरलेला असतो. आता कुठल्या लाइनच्या पलीकडं बॉल गेला ते मशीन तरी कसं सांगणार? हाफटाइमला परत फक्की मारा, निदान दोन पोस्टच्या मधली. दुसरं, मॅचआधी जाळीला हात लावून भोकं बघा, कीसलिंग आठवा. हुक निघालेले असतात, खाली जाळी सुटलेली असते, आणि एकदा बॉल त्यातून गेला की मग पोलीस बोलवायची वेळ.

पोस्टच्या रेषेत स्टँडवर मोबाइल लावून शूट करतात काही जण. नंतर बघायला छान आहे, पण मॅच चालू असताना त्यावर निर्णय द्यायचा नाही, नियमात बसत नाही आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला प्रॅक्टिस क्लब-पाटाकडील तालीम मॅचच्या वेळी भरल्या गॅलरीसमोर मोबाइल बघणारा पंच कसा दिसेल याची कल्पना करा. मी करत नाही.

तू लाइनमन होतास त्या मॅचचं काय झालं? तो गोल होता का?

हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून शेवटी ठेवला. एक लोकल टुर्नामेंट, कुठली ते सांगत नाही. पाऊस होऊन गेलेला, सेकंड हाफ, कॉर्नर. कॉर्नरच्या वेळी लाइनमन कॉर्नरच्या झेंड्यामागं उभा राहतो, म्हणजे गोललाइनच्या बरोबर रेषेत, जगातली सगळ्यात चांगली जागा, मीटरपट्टी लावल्यासारखी. बॉल आला, आठ-दहा जणांची झोंबाझोंबी, कीपर पडला, बॉल त्याच्या पोटाखाली, कीपर अर्धा आत अर्धा बाहेर. आणि माझ्या आणि बॉलच्या मधे जवळची पोस्ट, पोस्टला धरून उभा एक डिफेंडर आणि त्याचं चिखलानं भरलेलं ढुंगण. व्हिलाच्या त्या सात कॅमेऱ्यांसमोर जे झालं तेच, मी एकटा होतो एवढाच फरक.

रेफ्रीनं माझ्याकडं बघितलं. मला दिसलं नाही म्हणून मी झेंडा खाली धरून उभा राहिलो, म्हणजे गोल नाही. पुढची वीस मिनिटं मागून काय काय ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही, आमच्या आईला त्यातलं निम्मं कळलंही नसतं.

कीपर अजून भेटतो मिसळ खायला गेलो की. दोन-तीनदा विचारलं, आता तरी सांग, आत होता का? तो तर्री ओतून घेत हसतो. "तुम्ही दिला नाय न्हवं? मग नव्हता."